‘ड’ वर्ग वाचनालयात ग्रंथपालाला महिना दोनच हजार?

प्रश्न: वाचनालय शासनमान्य, ‘अ’ ते ‘ड’ वर्गांतल्या सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातलं. काम पुस्तकांच्या देवघेवीपासून दाखल नोंदवहीपर्यंत (आलेल्या पुस्तकांची नोंद) सगळं. मग पगार इतका कमी कसा?

उत्तर १: १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मान्यता ग्रंथालयाला मिळते, कर्मचारी मात्र संस्थेचाच राहतो. शासन देतं ते फक्त अनुदान. २०२२मध्ये ६० टक्के वाढ होऊन ‘ड’ वर्गाचं अनुदान वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजार झालं. त्यातलं निम्मं वेतनासाठी, म्हणजे २४ हजार. भागिले बारा. दोन हजारांत कुणाचंही घर चालत नाही, ही सरळ पिळवणूक आहे.

उत्तर २: शिवाय अनुदान हप्त्यांनी येतं, म्हणून पगारही महिन्याच्या महिन्याला होत नाही. रुजू होण्याआधी लेखी नेमणूकपत्र घ्या, पगार बँक खात्यातच मागा. हातात रोख आणि वेतनपत्रकावर सही, हे अजिबात नको. पुढे अनुभवाचा दाखला लागला की पुरावाच उरत नाही.

उत्तर ३: ‘पुस्तकं देणं-घेणं, त्यात काय?’ ही समजूत कमी पगाराच्या मुळाशी आहे. मराठी कादंबरीच्या कण्यावर ८९१.४६३ हा ड्यूई क्रमांक (पुस्तकाचा विषय आणि कपाटातली जागा सांगणारा) चुकला, की पुस्तक भलत्याच कपाटात जातं आणि वाचकाच्या दृष्टीने हरवतंच. वर्गवाढीचा, म्हणजे ‘ड’मधून वरच्या वर्गात जाण्याचा प्रस्ताव द्यायला कार्यकारिणीच्या मागे लागा. पगार वाढण्याची खरी वाट तीच.