आत्मप्रतिमा आणि पौगंडावस्थेतले गुन्हे: आधी काय, मागून काय? (अनुभव धागा)

"स्वतःवर विश्वास नाही म्हणून पोरगं बिघडलं," असं आपण सर्रास म्हणतो. काळाच्या ओघात हे नातं खरंच असंच चालतं का? मोजतात कसं आणि चुकतं कुठे? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी नेमकं लिहावं.

संशोधन पद्धती शिकवणारी

आत्मसन्मान, म्हणजे मूल स्वतःला किती किंमत देतं, हे मोजायला मॉरिस रोझेनबर्गची मापनश्रेणी (1965) बहुतेक जण वापरतात. 10 विधानं, प्रत्येकाला 4 पर्याय. यातली 5 विधानं उलटी आहेत, त्यांचे गुण बेरजेआधी फिरवून घ्यावे लागतात. मराठीत खरी अडचण इथेच येते. 'अभिमान वाटावा असं माझ्यात फारसं काही नाही' यावर 'असहमत' म्हणायचं, म्हणजे नकाराला नकार. वाचनात कच्ची मुलं गोंधळतात आणि दहाही खुणा एकाच रकान्यात करतात. असा कागद बेरजेत घेऊ नका. विधानं तोंडी वाचून पुन्हा विचारा, तेही वर्गशिक्षक खोलीत नसताना.

वागणुकीसाठी पोलिसांची नोंद पुरत नाही, कारण पकडली गेलेली मुलं थोडीच असतात. 'गेल्या 6 महिन्यांत किती वेळा?' असं विचारून आकडा घ्या. 'कधीकधी' हे उत्तर पुढच्या फेरीशी, म्हणजे त्याच मुलांना काही काळाने पुन्हा विचारू तेव्हाच्या उत्तराशी, ताडून पाहता येत नाही. पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही हवेत. कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, तेही आधीच सांगावं.

किमान 3 फेऱ्या हव्यात. एकाच फेरीत फक्त 'या मुलापेक्षा तो मुलगा' एवढंच कळतं. 'हाच मुलगा, गेल्या वर्षीपेक्षा' हा वेगळा प्रश्न आहे आणि आपल्याला हवा तो हाच. शाळा सोडून गेलेल्यांना घरी, कामावर गाठा. ते गळाले की आपल्याला जी मुलं समजून घ्यायची होती, तीच निसटतात.

किशोरवयीन मानसशास्त्राचा अभ्यासक

वरच्या मुद्द्याला जोडून. मिशिगन विद्यापीठाने 1966 मध्ये अमेरिकेतल्या 87 सरकारी शाळांमधल्या दहावीच्या 2,200हून अधिक मुलग्यांचा पाठपुरावा सुरू केला. त्या माहितीवरून 1978 मध्ये निष्कर्ष आला की आत्मसन्मानाचा वागणुकीवरचा परिणाम उलट दिशेच्या परिणामापेक्षा मोठा. त्याच माहितीवरून 1981 मध्ये दिसलं की ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, त्यांचा तो गैरवर्तनानंतर वाढला! समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड कॅप्लन अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या शाळांमधल्या अभ्यासावरून हेच मांडत होते: घरी-शाळेत किंमत नाही, टोळीत मिळते. मग 1984 मध्ये मॅकार्थी आणि होग या संशोधकांना आत्मसन्मानाचा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. उलट गैरवर्तनाने आत्मसन्मान किंचित घटत होता.

माझ्या मते हा फरक केवळ गणिताचा नाही. मूल स्वतःला कोणाच्या नजरेने जोखतं, यावर उत्तर फिरतं. दहा विधानांची बेरीज ते सांगत नाही.

परिविक्षा (प्रोबेशन) कामातील

नेमकं तेच सामाजिक तपासणी अहवालात, म्हणजे मुलाच्या घरच्या-बाहेरच्या परिस्थितीवर परिविक्षा अधिकारी लिहितो त्या अहवालात, उतरायला हवं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर झाल्यापासून 15 दिवसांत हा अहवाल द्यायचा असतो. घाईत 'गुन्हेगारी वृत्ती' असं लिहून मोकळं होऊ नका. बदनाम करणारे शब्द टाळा हे त्या कायद्याचंच तत्त्व आहे, आणि तो शिक्का मुलाच्या कानावर जातोच. त्यापेक्षा हे लिहा: घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कट्ट्यावर कोणत्या? कोयत्यासोबतचा फोटो स्टेटसला ठेवला तर कोणी पाहावा म्हणून? कोणत्या कामात त्याचा हात चांगला आहे?

हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे अशा आठ-दहा पोरांना एकत्र बसवून प्रेरणादायी व्याख्यान देणं. व्याख्यान संपलं की कोणी काय केलं याच्याच फुशारक्या सुरू होतात, आणि सर्वांत धाडसी पोरगा तिथला भाई ठरतो. गट करायचाच तर त्यात गुन्ह्यात न अडकलेली पोरंही मिसळा.

काम देताना आठवड्याभरात फळ दिसेल असं द्या: गॅरेजमध्ये पंक्चर, वायरिंग, ढोलपथकात ताशा. शिकवणाऱ्याला केस सांगू नका, त्याच कायद्याच्या कलम 74 नुसार ओळख उघड करता येत नाही. कौतुक त्या कामाचं करा: "चाक बरोबर बसवलंस." नुसतं "तू हुशार आहेस" पोरांना खोटं वाटतं.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा: टोळी सुटली की पोरगा सुरुवातीला जास्त खचलेला, चिडलेला दिसू शकतो. तिथला मान गेलेला असतो, इथला अजून मिळालेला नसतो. नेमकं तेव्हाच उपाय फसला असं समजून भेटी कमी केल्या जातात. त्या दिवसांत भेटी वाढवा.