लहान मुलं, तात्पुरते टॅटू आणि अंगावर उठणारी ॲलर्जी : तुमचे अनुभव सांगा

चिऊची आई

लेकीच्या दंडावर काळ्या मेंदीने फुलपाखरू काढून घेतलं होतं. रंग फिका पडत आला, तसं ते अंगावर उठू लागलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पंखांचा आकार कळावा, इतकी कातडी वर आली होती. कडेने बारीक पाणीदार फोड, रात्री झोपेत खाजवून फुटलेले, आणि त्यातून पिवळसर लस. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नक्षी काळी होती का?" त्या एका प्रश्नामुळे हा धागा काढावासा वाटला. तुमच्या मुलांना असं काही झालं असेल तर काय लावलं होतं, त्रास कधी सुरू झाला आणि नंतर काय काय निस्तरावं लागलं, ते कृपया सविस्तर लिहा.

जुळ्यांचा बाबा

आमच्याकडे मुलाने विंचू काढून घेतला, मुलीने चांदणी. एकच कोन, एकच संध्याकाळ. मुलाला आठवड्याभराने उठलं, मुलीला काही म्हणजे काही झालं नाही. स्टिरॉइडच्या मलमाने त्याची सूज आणि खाज गेली; पण खपल्या पडल्यावर खाली पांढुरका विंचू उरला. कितीतरी महिने होता. वर्गातली मुलं "हे कोड आहे का?" असं विचारायची, म्हणून तो भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा. फोडांपेक्षा त्याला याचाच त्रास जास्त झाला. आता मुलगी पुन्हा टॅटूसाठी हट्ट धरून बसली आहे. तिला चालतं असं समजायचं का?

त्वचारोगतज्ज्ञ (मुलांचेही रुग्ण पाहते)

जुळ्यांच्या बाबांना आधी उत्तर देते : नाही, असं समजू नका. ही ॲलर्जी उशिरा उमटते. पहिल्या वेळी शरीर त्या रसायनाची ओळख करून घेतं. त्यात साधारण एक-दोन आठवडे जातात, आणि कधी पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांतच जोरात उठतं. तुमच्या मुलीची ओळख झाली आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

काळी मेंदी नावाची वेगळी वनस्पती नाही. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. त्याचा रंग आधी केशरी येतो आणि एक-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो. झटपट कुळकुळीत काळा रंग चढला, तर त्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन असतं. केसांच्या टिकाऊ गडद रंगात वापरतात तेच. युरोपीय महासंघात केसांना लावताना त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, आणि टॅटूसारखं त्वचेवर लावायला तर परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या काही नमुन्यांत ते १५ टक्क्यांहून जास्त सापडलं आहे. तेही मुलाच्या कोवळ्या कातडीवर, धुऊन न टाकता! मला याचा मनापासून राग येतो.

पांढरा डाग बहुतेकदा हळूहळू भरून येतो. तो कोड नाही, हे मुलाला आणि त्याच्या वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा. ॲलर्जी मात्र सहसा जन्मभर राहते.

कॉलेजकन्या

या जन्मभराचा अनुभव माझा आहे. शाळेत असताना घोट्यावर काळी नक्षी काढली होती, थोडं खाजलं, विसरून गेले. कॉलेजात पहिल्यांदा केस रंगवले. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कान हुळहुळायला लागले, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. तोंडावाटे स्टिरॉइड घ्यावे लागले. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थांचे चौकोनी तुकडे पाठीवर चिकटवून ॲलर्जी तपासतात त्या चाचणीत, पीपीडीच्या चौकोनाखाली लालभडक फोड आला. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा रंगांच्या खोक्यावर, काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी त्रास झाला असेल तर हा रंग वापरू नका, अशी सूचना छापलेली असते. हे मला नंतर कळलं.

नातवाची आजी

आमच्या नातवाला पाण्याने चिकटवायच्या स्टिकर टॅटूने लाल चौकोन उठला. चित्राच्या आकाराचा नाही, पूर्ण कागदाच्या आकाराचा, म्हणजे गोंदाचाच त्रास असणार. टॅटू खरवडून काढू नका, तेल लावून मऊ करा, हळूच सुटतो. दोन दिवसांत बरं वाटलं.

मेंदीवाली

मी स्वतः मेंदी भिजवते. लोक "काळी रंगणारी द्या" म्हणतात, मी देत नाही. तुमच्यासमोर असेल त्या कलाकाराला सरळ विचारा, कोनात काय काय आहे? पानांची पूड, पाणी, साखर, तेल अशी यादी घडाघडा यायला हवी. "अर्ध्या तासात धुवा, काळाभोर रंग" असं ऐकलंत तर मुलाला घेऊन निघा. आणखी एक, जॅग्वा नावाच्या फळाचा निळसर काळा रंगही 'नैसर्गिक' म्हणून विकतात. त्यात पीपीडी नसलं तरी त्यानेही काहींना ॲलर्जी होते.

एक आई

आमच्या बाळाला जी६पीडीची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, जन्मजात कमतरता आहे. अशा मुलांना शुद्ध मेंदीसुद्धा लावायची नसते. लॉसोन त्वचेतून आत जाऊन तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळ पिवळं, फिकट पडतं, लघवी गडद होते. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. कृपया ही गोष्ट घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या कानावर घाला.

चिऊची आई

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, लेकीच्या फाइलवर नेमकं काय लिहून ठेवू?

त्वचारोगतज्ज्ञ

"काळ्या मेंदीने फोड, पीपीडी ॲलर्जीची शक्यता" असं ठळक लिहा, आणि उठलेल्या नक्षीचा तारखेसह फोटो जोडा. हिरड्यांना लावायच्या काही जेलमध्ये बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असतं, तेही अशा मुलांना सोसत नाही कधी कधी. म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही फाइल दाखवा. घरी थेंब लावून तपासून बघू नका, पॅच टेस्ट आमच्याकडेच करायची. आणि केस रंगवायच्या वयात ती येईल, तेव्हा ही फाइल तिच्या हातात असू द्या.