‘खट्’चे एक लाख डॉलर?

भुसावळकर: दुबईतला आतेभाऊ विचारतोय, साठवलेल्या पैशांत नव्वदच्या दशकातली, पुढे इंजिनवाली स्पोर्ट्स कार घेऊन ठेवू का. डोळा फेरारी ५५० मॅरनेलोवर आहे. १९७३ ला फेरारीची पुढे इंजिनवाली डेटोना बंद झाली, तेव्हापासून फेरारीच्या दोन सीटवाल्या मोठ्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागेच असायचं. १९९६ ला हिने ते परत पुढे आणलं. साडेपाच लिटरचं व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, अन् गिअर फक्त मॅन्युअल. तिच्या जागी आलेल्या २००२ च्या ५७५ मध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलायचा पर्याय आला आणि बहुतेकांनी तोच घेतला, म्हणून मॅन्युअल ५७५ आज शोधून सापडत नाही. माझं मत, घ्यावी. नुसता वेग आता बॅटरीवरच्या गाडीतही मिळतो. लोक पैसे मोजतात ते धातूच्या खाचेतून गिअरचा दांडा सरकताना होणाऱ्या ‘खट्’चे.

सराफगल्ली, जळगाव: ‘खट्’चे एक लाख डॉलरच्या वर? भाऊ, तिजोरीतल्या सोन्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला रबरी पट्टा, नसतो. हिचा बेल्ट गाडी जागची हलली नाही तरी काही वर्षांनी बदलावाच लागतो.

भुसावळकर: सोन्यात बसून फिरता येतं का?

सराफगल्ली, जळगाव: तुमचा आतेभाऊ तरी कुठे फिरणार? किलोमीटर वाढले की भाव उतरला.

धुळ्याचा पोऱ्या: काका, २०२१ ला सिनेमात वापरलेली एक नारिंगी सुप्रा लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. टोयोटा आहे ती, टोयोटा!

सराफगल्ली, जळगाव: ते सिनेमाचे पैसे, गाडीचे नाहीत. नवरदेवाच्या घोड्याचा भाव टांग्याच्या घोड्याला लावू नको.

चोपडा गॅरेज: तुले सांगस भाऊ, मी सात वर्षं शारजात गाड्या रंगवल्या. त्या काळातल्या फेरारीची आतली बटणं बोटाला गुळासारखी चिकटतात, वरचा रबरी लेप उष्णतेने पाघळतो. डॅशबोर्डचं चामडं आक्रसून काचेजवळ उचलतं. आपल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवली तर भरताच्या वांग्यासारखी सोलून निघेल.

पाचोरेकर: इकडे येणारच कशी? वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. आणि आपल्याकडे विंटेज म्हणून नोंद होते ती पन्नाशी ओलांडलेलीची. १९९६ ची असली तरी २०४६ उजाडेल. त्यापेक्षा गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म शोधा. फायबरची बॉडी, रेनॉचं इंजिन, तेही पुढेच.

सराफगल्ली, जळगाव: तिचा स्पेअर कुठे मिळतो?

पाचोरेकर: …

भुसावळकर: हसा खुशाल. तो गाडी दुबईतच ठेवणार आहे, एसी गोदामात. पुढच्या शुक्रवारी बघायला जातोय.

चोपडा गॅरेज: मग त्याला सांगा, मीटर नंतर बघ. आधी बेल्ट बदलल्याची पावती माग, अन् तिच्यावरची तारीख वाच. आणि खिडकीचं बटण दाबून बोट हुंगून बघ म्हणावं. नुकतंच साफ केलं असेल तर स्पिरिटचा वास येतो.