मदत हवी आहे: बी.एस्सी.ला केमिस्ट्री भरलंय, मायक्रो करू का? (अर्जंट)

फोंड्याची सई:
अर्जात मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री आणि मायनर (जोड विषय) मायक्रोबायोलॉजी भरलंय. आता वाटतंय उलट करावं. शुक्रवार शेवटचा दिवस. बदलू की नको एवढंच सांगा, प्लीज. घरी विचारून झालं, प्रत्येकाचं वेगळंच.

मांडवीकाठ:
कशाचा शेवटचा दिवस, दुरुस्तीचा की फी भरायचा? बारावीला गणित होतं का? आणि मन कशामुळे बदललं?

फोंड्याची सई:
फी भरायचा. जागा असेल तर मेजर बदलून मिळेल, अर्ज द्या, असं ऑफिसात म्हणाले. गणित नव्हतं, बायोलॉजी होतं.

क्यूसी वेर्णा:
केमिस्ट्री सोडू नकोस. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत केमिस्ट्रीवाल्याला क्यूसी (मालाची तपासणी), क्यूए (दर्जाची हमी), आर अँड डी (संशोधन) असे तीन दरवाजे उघडे असतात, मायक्रोवाल्याला बहुतेक एकच लॅब. फक्त काम काय असतं ते आधी समजून घे. एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. त्यासाठी मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण बनवायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, सॉनिकेटरवर (ध्वनिलहरींनी हलवून) त्यातली हवा काढायची. मग स्टँडर्डची, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याची पाच-सहा इंजेक्शनं. त्यांचा आरएसडी, म्हणजे आकड्यांतला आपसातला फरक, २ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय सॅम्पलला हात लावायचा नाही. हवा राहिली की ग्राफची बेसलाइन नाचते आणि अख्खी शिफ्ट जाते. नोंदीत चूक झाली तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर चालत नाही. हे रोज करायला जमणार असेल तर केमिस्ट्रीच घे.

प्लेट काउंट:
एकच लॅब कशी हो? पाणी तपासणी, डेअरी, मासळी निर्यात, सगळीकडे मायक्रो लागतं. शिवाय फूड सेफ्टी ऑफिसरची पात्रता बघा. २०११च्या नियमांत मायक्रोबायोलॉजीची नुसती पदवी चालते, केमिस्ट्रीला मात्र मास्टर्स मागितलंय.
सई, मायक्रोचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी संपत नाही हे लक्षात ठेव. मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचा, प्लेट ओतायची, कल्चर लावून ३७ अंशांवर २४ तास ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मोजायला यायचं. प्लेट इन्क्युबेटरमध्ये उलटीच ठेवायची, नाहीतर झाकणावरचं पाणी आगारवर (प्लेटमधल्या जेलीवर) पडतं, कॉलन्या (जंतूंचे ठिपके) एकमेकींत मिसळतात आणि मोजणी फुकट. कंपनीतली स्टरिलिटी टेस्ट (औषधात जंतू नाहीत ना, ही तपासणी) तर १४ दिवस चालते. घाई असलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

क्यूसी वेर्णा:
आणि हॉस्पिटलच्या लॅबचं सांगायला विसरू नका. तिथे डीएमएलटी किंवा बीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी मागतात. बी.एस्सी. मायक्रो झालं म्हणजे तिथे थेट घेतील असं मुलांना वाटतं, तसं नसतं.

खडकवाचक:
दोन्ही सोड, जिओलॉजी घे. मिरामारला धेंपे आणि मडगावात चौगुले, दोन्हीकडे विभाग आहे. पुढे यूपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जीएसआयमध्ये (जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) जाता येतं.

क्यूसी वेर्णा:
तिने जिओलॉजी विचारलंच नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्यावर खाणपट्ट्यात काय झालं ते डिचोली-सांग्यात जाऊन विचारा. आणि तुम्ही सांगताय त्याच परीक्षेत केमिस्टचीही पदं असतात, एम.एस्सी. केमिस्ट्रीवर.

खडकवाचक:
जिओलॉजी म्हणजे नुसती खाण नव्हे. भूजल, किनाऱ्याची धूप, दरडी, हे सगळं कोण बघणार? जीएसआय सोडा, भूजल मंडळातही पदं आहेत.

पेडणेकर मास्तर:
पुढे गोव्यात सरकारी नोकरी करायची असेल तर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, मामलेदाराच्या ऑफिसातून. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, तेही आतापासून बघून ठेवावं.

खडकवाचक:
मराठी नुसती इष्टच का, हा खरा प्रश्न आहे.

धागा राखणदार:
त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मुलीला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

मांडवीकाठ:
सई, मन का बदललं ते अजून सांगितलं नाहीस.

फोंड्याची सई:
फिजिकल केमिस्ट्रीत खूप गणित असतं म्हणे. आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली मायक्रोला चालल्यात.

मांडवीकाठ:
मग आता नीट बोलता येईल. बी.एस्सी.च्या फिजिकलला लागणारं बरंचसं गणित म्हणजे लॉग, एक्स्पोनेन्शियल, साधं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन आणि ग्राफचा स्लोप. फर्स्ट ऑर्डरच्या रिॲक्शनमध्ये ln[A] विरुद्ध वेळ मांडली की सरळ रेघ येते आणि तिच्या स्लोपवरून k, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचा स्थिरांक काढायचा. क्वांटमला थोडं अधिक लागतं. अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी गणितातले लिमिट्स, डेरिव्हेटिव्ह्ज आणि इंटिग्रल्स एवढे धडे आतापासून हाताखालून घातलेस तर पुढे अडणार नाही. आयआयटीच्या जॅमला (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला) केमिस्ट्रीचा पेपर द्यायचा म्हटलं तरी गणित येतंच. आणि मायक्रोत गणित नाही असं कोण म्हणालं? बायोस्टॅटिस्टिक्स असतं, एन्झाइम कायनेटिक्समध्ये लाइनवीव्हर-बर्क प्लॉट असतो. तिथेही स्लोप आणि इंटरसेप्टच काढायचा आहे. गणिताला घाबरून बदलणार असशील तर बदलू नकोस. प्लेट काउंटनी लिहिलेलं काम वाचून हात शिवशिवले असतील तर खुशाल बदल.

आता नियमाचं. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांना १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. त्यात मायनर अनुक्रमे २४ आणि ३२. दुसऱ्या सेमिस्टरनंतर त्याच मोठ्या शाखेत मेजर बदलायची सोय आहे, पण कॉलेजात जागा असेल तरच. मायक्रोची बॅच लॅबमुळे लहान असते, त्यामुळे तिकडे नंतर शिरणं अवघड जाऊ शकतं. ऑफिसात जाशील तेव्हा हे विचार: पहिल्या वर्षानंतर केमिस्ट्रीतून मायक्रोत किती जागा देता, आणि त्यासाठी मायनर मायक्रोच असावं लागतं का. दोन्ही उत्तरं प्रॉस्पेक्टसमध्ये दाखवायला सांग, तोंडी नको. बदलाचा अर्ज दिलास तर प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. मूळ गुणपत्रिका पडताळून परत मिळायला हवी, ठेवून घ्यायची नाही, हे यूजीसीने २०१८ सालीच बजावलंय.

प्लेट काउंट:
आणि दोन्ही विषयांच्या पहिल्या दोन सेमिस्टरचे सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरून काढ. प्रॅक्टिकलची यादी आधी वाच, थिअरी नंतर.

फोंड्याची सई:
सिलॅबस डाउनलोड केला. उद्या सकाळी ऑफिसात जाते. क्यूसी दादा, ते आरएसडी पहिल्या वर्षी असतं का?

क्यूसी वेर्णा:
नाही. पहिल्या वर्षी टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून टाकत त्याची तीव्रता काढायची. ब्युरेटची तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळवायची.