घरी माणूस नसताना मेंढपाळ जातीचा कुत्रा अंगणात मोकळा सोडावा का?

तापीकाठ (जळगाव):
आमच्या वसाहतीत अलीकडे जर्मन शेफर्ड आणि बॉर्डर कोली पाळण्याची हौस वाढली आहे. नवराबायको कामावर आणि मुले शाळेत गेली, की कुत्रा दिवसभर कंपाउंडच्या आत एकटा असतो; त्याला मोकळी हवा मिळते आणि घराची राखणही होते, असे त्याचे समर्थन केले जाते. मला ही पद्धत चुकीची वाटते. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगराळ भागात बॉर्डर कोलीची जात घडली, ती मालकाच्या शिट्टीवर मेंढ्या वळवण्यासाठी. हलणाऱ्या गोष्टीमागे धावून तिला वळवणे त्याच्या रक्तात आहे, आणि कुठे थांबायचे हे सांगणारा माणूस जवळ असणार, हे त्या कामात गृहीतच आहे. माणूस नसलेल्या अंगणात तीच वृत्ती प्रत्येक मोटारसायकलीवर, भंगारवाल्याच्या हातगाडीवर आणि शेजारच्या मुलांवर निघते. आमच्या गल्लीतला एक कुत्रा फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत धावत असतो. तेवढ्या पट्ट्यातले गवत जाऊन खाली माती उघडी पडली आहे, आणि मालक मात्र ‘त्याचा व्यायाम होतो’ असे सांगतात.

साक्रीकर आप्पा:
ताई, आपले म्हणणे शहरापुरते ठीक आहे, परंतु सरसकट नियम म्हणून मला ते मान्य नाही. आमच्या साक्री-शिंदखेडा पट्ट्यात ठेलाऱ्यांचे, म्हणजे भटक्या मेंढपाळांचे, वाडे (तळ) पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. शेतात मेंढ्या बसवल्या की भोवती वाघर लावतात, आणि कुत्री त्या जाळ्याबाहेर, थंडीवाऱ्यात, लांडग्याच्या वाटेवर पडून असतात. त्यांना कोणी छप्पर दिले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. उलट दोन खोल्यांत कोंडून बाहेरून कुलूप लावलेला कुत्रा दाराला नखांनी ओरखडे काढतो, गाद्या फाडतो आणि लघवी दाबून बसतो; त्यात कसली दया आहे? प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ हे, नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकाला दोषी धरते. अंगणात मोकळा सोडणाऱ्याला ते कलम दोषी धरत नाही. शिवाय शेतकऱ्याने काय करावे? कांदाचाळ भरलेली, विहिरीवर मोटारीची केबल उघडी आणि सगळे घर निंदणीला गेलेले असताना कुत्रा आत कोंडायचा असेल, तर तो पाळायचा तरी कशाला?

निंबाची सावली (भुसावळ):
मी ताईंच्या बाजूने आहे, आणि माझे कारण एकच आहे, ते म्हणजे ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळात ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. घाम त्याला जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, त्यामुळे धापा टाकण्याशिवाय अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा दुसरा मोठा मार्ग त्याच्याकडे नाही. सकाळी आठ वाजता मालक निघतात तेव्हा घराच्या पश्चिम भिंतीलगत छान गार सावली असते, म्हणून तेथेच पाण्याचे स्टीलचे पातेले ठेवले जाते. दुपारी एकनंतर ती सावली उरत नाही, शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही आणि पातेल्यातले पाणी तोंडाला लावण्यासारखे राहत नाही. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दुपारी घरी कोणीच नसते. पाणी ठेवायचेच असेल तर मातीच्या कुंडीत ठेवावे. आणखी एक सांगते: उन्हाळा आला म्हणून जर्मन शेफर्डचे केस भादरू नयेत, तो दुहेरी थर त्याच्या कातडीचे उन्हापासून रक्षण करतो.

यावलचा केळीवाला:
बांधून ठेवा, म्हणजे विषय संपला.

शहादा-तळोदा:
भाऊ, बांधून विषय संपत नाही, कुत्रा संपतो. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचीही सोय नसते. अकोले तालुक्यात (अहिल्यानगर जिल्हा) बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्यांच्या आहारातील भक्ष्याच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. म्हणून दिवसा काय करावे यापेक्षा, दिवेलागणीला घरी कोण पोहोचणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लग्नासाठी सगळे घर गावाला गेले आणि परतायला मध्यरात्र झाली, की मोकळा कुत्रा काय आणि बांधलेला काय, दोघांनाही सारखाच धोका असतो. रानडुकरांसाठी बांधावर ठेवलेले विषारी आमिष आणि पाचटात दडलेली घोणस यांची भीती वेगळीच.

चोपडा, वकिली करणारा:
आप्पांनी कलम ११ सांगितले ते बरोबर आहे, परंतु भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ त्यांनी सोडले. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फाटकाची कडी निसटली आणि कुरियरवाला मुलगा चावला गेला, तर ‘आम्ही घरी नव्हतो’ हा बचाव नसून तीच तक्रार असते. रेबीजची लस दरवर्षी टोचून तिचा दाखला जपून ठेवावा, कारण फाटकाच्या गजांतून भटक्या कुत्र्यांशी होणारी झटापट मालकाला दिसत नाही.

तापीकाठ (जळगाव):
आप्पा, आपले ठेलाऱ्यांचे उदाहरण मला उलट माझ्याच बाजूचे वाटते. वाघरीबाहेरचा कुत्रा उघड्यावर असतो हे खरे, पण हाकेच्या अंतरावर मेंढपाळ असतो, सोबत दुसरी कुत्री असतात आणि समोर कळप असतो. शिवाय त्याचे काम राखणीचे आहे, मेंढ्या वळवण्याचे नाही. एका जागी पडून कान टवकारणे त्याला जमते, बॉर्डर कोलीला ते जमत नाही. उघड्यावर असणे आणि एकटे असणे या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजत आहात.

साक्रीकर आप्पा:
उन्हाचा मुद्दा मान्य आहे. होळीपासून मृग निघेपर्यंत दुपारी कुत्रा पडवीत किंवा गोठ्यात असावा, याबद्दल माझे दुमत नाही. बिबट्याबद्दलही नाही. परंतु कुलूपबंद घर हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. घरातले सगळे बाहेर जाणार असतील तर सालदाराला (सालाने ठेवलेल्या शेतगड्याला) सांगून जावे. तो भाकर घालील, पाणी बदलील आणि अंधार पडण्याआधी कुत्रा गोठ्यात घेईल. दिवसा मात्र त्याने अंगणातच असावे.

तापीकाठ (जळगाव):
आप्पा, सालदार असेल तर घरी कोणी नाही असे म्हणताच येत नाही. आमच्या वसाहतीत सालदार नसतो. तेथे दुपारी कुलूप उघडून त्याला फिरवून आणणारी एखादी शेजारीण तरी हवी, आणि तीही मिळत नसेल तर त्या कुटुंबाने ही जात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.