अव्वल तालुकदार, कलेक्टर की जिल्हाधिकारी?

पैलतीर
एक दीर्घकथा लिहिते आहे. तिच्यातल्या जगात १ नोव्हेंबर १९५६ उजाडला, पण हैदराबाद राज्य फुटलं नाही. मराठवाडा मुंबई राज्यात गेला नाही, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसुरात गेले नाहीत, तेलंगण आंध्रला जोडलं गेलं नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच सचिवालयात नांदतात. आजच्या परभणीतला एक कारकून फाइल घेऊन येतो आणि विचारतो, "जिल्हाधिकारी आहेत का आत?"

मामाला वाचायला दिलं. त्याने पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढला. त्याचं म्हणणं, भाषा संचालनालय १९६० चं, सरकारी पदांची मराठी नावं देणारा पदनामकोश १९६२ चा, दोन्ही महाराष्ट्राचे. परभणी महाराष्ट्रात आलीच नाही, तर हा शब्द तिथे पोचला कसा? मला पटलं. मग तो कारकून काय म्हणेल?

मांजराकाठ
अव्वल तालुकदार. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा मुख्य तोच. पोलीस फौजदाराला अमीन म्हणत. आमच्या घरी पणजोबांचं एक खरेदीखत आहे, सगळं उर्दूत. तारखेच्या जागी 'तीर १३४३ फसली'. तीर हे फसली सनातल्या महिन्याचं नाव आहे हे वडिलांनाही ठाऊक नव्हतं. वाचून देणाऱ्या गृहस्थांनी हिशेब करून सांगितलं, इंग्रजी १९३४. ज्या जमिनीवर आम्ही वाढलो तिचा कागद आम्हाला वाचता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बोरू
पैलतीर, तुमच्या कथेत १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद भारतात आलं तो दिवस, घडलाय का? पोलीस कारवाईनंतर अव्वल तालुकदार जाऊन कलेक्टर आले. निजामाची राजवट राहिली असेल तर तालुकदार, गेली असेल तर कलेक्टर.

पैलतीर
घडलाय. फक्त त्रिभाजन झालं नाही. नेहरूंना सुरुवातीला हैदराबाद फोडणं पसंत नव्हतं, तिथूनच कथा वळवली आहे.

मायबोलीचा
मग कलेक्टर कशाला, तालुकदार कशाला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातले फारसी शब्द घालवायलाच. तेलंगणात असो वा महाराष्ट्रात, मराठी माणसाने मराठी शब्द वापरावा. जिल्हाधिकारी अस्सल आहे, ठेवा.

बोरू
त्यातला 'जिल्हा' अरबी आहे. मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, मग मुलखाचा भाग. 'तालुका' म्हणजे तअल्लुक, संबंध. निवडायला बसलात तर हातात नुसता 'अधिकारी' उरेल. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये हैदराबादेत जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, तेव्हापासून परभणीकडचा शेतकरी हा शब्द वापरतोय. तो परका कसा?

मायबोलीचा
रुळलेला शब्द राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. नवा घडवताना तरी आपल्या मातीतला घ्या, एवढंच म्हणतोय.

दुभाषी
मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. मामांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. कर्नाटकात या अधिकाऱ्याला इंग्रजीत डेप्युटी कमिशनर म्हणतात आणि कन्नडमध्ये चक्क जिल्लाधिकारी. हिंदीतही तोच शब्द. म्हणजे आपल्या पदनामकोशावाचूनही तो परभणीला पोचला असता, गुलबर्ग्याहून. उलट तेलुगू वर्तमानपत्रं सरळ कलेक्टर छापतात. हैदराबाद राज्यात जवळजवळ निम्मी माणसं तेलुगू बोलणारी होती, मराठी चौथाईच्या आसपास. सचिवालयात कुणाचा शब्द चालला असता हे त्यावर ठरेल. माझ्या मते फाइलवर एक, तोंडात दुसरा. तुमच्या कारकुनाच्या तोंडी कलेक्टरच हवा.

मांजराकाठ
तोंडातल्या शब्दांवरून आठवलं. आजी शेवटपर्यंत 'हाली' म्हणायची. हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा, सात हालीला सहा कलदार. बाजारात कुणी किंमत सांगितली की ती विचारायची, "हाली का कलदार?" आपलं 'हल्ली' त्याच मुळातलं, हाल म्हणजे चालू स्थिती. पैलतीर, तुमच्या मोगलाईत रुपयाला काय म्हणतात?

नगरकर
मांजराकाठ, 'मोगलाई' हा शब्द जपून वापरावा ही विनंती. माझ्या सासूबाई गेवराईच्या. नगर जिल्ह्यात लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना 'मोगलाईतली' म्हणत, आणि ते नुसतं गावाकडचं नाव नव्हतं. घरात पसारा दिसला की, "ही काय मोगलाई आहे?" वयाच्या सत्तरीतही हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

बोरू
पेशवाईच्या कागदांत मोगलाई म्हणजे फक्त निजामाचा मुलूख. तो मोगलांचा सुभेदार म्हणून आला, म्हणून ते नाव. अंदाधुंदीचा अर्थ मागून चिकटला.

मांजराकाठ
माझ्या आजीच्या तोंडी तो साधा मुलखाचाच शब्द होता. तिने तो अभिमानाने वापरला. मी का सोडू?

नगरकर
तुमच्या आजीने स्वतःला म्हणणं वेगळं, दुसऱ्याने सुनेला म्हणणं वेगळं.

पैलतीर
कलेक्टर करते. पण आता दुसरंच डोक्यात घोळतंय. गेवराई आणि नगर एका राज्यात आलेच नसते, तर त्या शब्दातला टोमणा बोथट झाला असता की आणखी धारदार?

नगरकर
सीमा होती तेव्हाच तो जास्त टोचत होता. सासूबाईंचं लग्न १९५२ चं.