मदत हवी आहे: नॉटिंगहॅमचा 'टेस्ट मॅच' पब कुणी पाहिलाय का?

पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन भावाकडे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला चालले आहे. ट्रेंट ब्रिज मैदान तर बघायचंच, पण तिथेच वेस्ट ब्रिजफर्डमध्ये १९३८ सालचा 'टेस्ट मॅच' नावाचा पब आहे. आर्ट डेको (१९२०-३०च्या दशकांतली भौमितिक आकारांची शैली) इमारत, आत भिंतींवर क्रिकेटची चित्रं! पहिल्या महायुद्धानंतर तिकडे दारूच्या गुत्त्याची कळा घालवायला ऐसपैस, जेवणाखाणाची सोय असलेले पब बांधले गेले, हा त्यातलाच.

अडचण अशी की बाबा माळकरी. ग्लासाकडे बघणारही नाहीत, चित्रांसमोर मात्र तासभर उभे राहतील. नुसत्या चहावर बसू देतात का? फोटो काढायला विचारावं लागतं का? आणि बर्मिंगहॅमचा लाकडी पट्ट्यांचा, ट्यूडर थाटाचा (सोळाव्या शतकातल्या इंग्लिश घरांच्या धर्तीचा) 'ब्लॅक हॉर्स' पब वाट वाकडी करून बघण्यासारखा आहे का?